समुद्रातलं वीजघर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर वीज कशी तयार होते आणि तिथली यंत्रं आपली आपण कशी सांभाळली जातात यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की गॅस टर्बाइनवरच्या जनरेटरची कंट्रोल पॅनेलं बसवायची, चालू करून द्यायची आणि बिघडली की पुन्हा जाऊन दुरुस्त करायची, हे काम मी ३३ वर्षं केलं. मुंबई हाय झालं, आखाती देशांतले प्लॅटफॉर्म झाले, काही रिफायनऱ्या झाल्या. आता पेणला घरी असतो.

माझे मामा मुंबई हायला जातात. तिथे वीज कुठून येते? समुद्राखालून केबल टाकली आहे का?
— इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, श्रीवर्धन

नाही, मुली. मुंबई हाय मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या पाय टेकून उभं राहणाऱ्या खोदकामाच्या जहाजाने तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून ते बाहेर येऊ लागलं. मोठ्या प्लॅटफॉर्मवर माणसं राहतात, पंप आणि कॉम्प्रेसर चालतात. तिथे वीज जागेवरच तयार करतात. तेलाबरोबर विहिरीतून वायूही वर येतो. तो वेगळा करायचा, त्यातलं पाणी आणि तेलाचे थेंब काढायचे आणि त्यातला थोडा टर्बाइनमध्ये जाळायचा. हे टर्बाइन विमानाच्या इंजिनाचं भावंडच. फरक इतकाच की विमान पुढे ढकलायच्या ऐवजी ते जनरेटरचा दांडा फिरवतं. ज्या लहान प्लॅटफॉर्मवर फक्त विहिरींची तोंडं आहेत आणि कोणी राहत नाही, तिथे सौर पॅनेल आणि बॅटरीवर भागतं.

केबलची तुझी कल्पना मात्र चांगली आहे. नॉर्वेने ती प्रत्यक्षात आणली. त्यांच्या 'ट्रोल ए' या प्लॅटफॉर्मला १९९६ पासून किनाऱ्यावरून वीज मिळते, 'योहान स्वेरड्रुप' या मोठ्या तेलक्षेत्राला २०१८ पासून. त्यांच्याकडे धबधब्यांची वीज भरपूर, त्यामुळे समुद्रात वायू जाळण्यापेक्षा त्यांना ते बरं पडतं.

पण जिथे केबल नाही, तिथे एक गोष्ट लक्षात ठेव. विहिरीवरून पाणी आणून हंड्यात भरून ठेवतो, तशी एवढी वीज भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी पंपाला ती लागते, त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. जास्त झाली तर मशीन जोरात पळायला लागतं, कमी पडली तर मंदावतं. तुझ्या घरच्या बटणामागची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, प्लॅटफॉर्मवरचीही तेवढेच. तो आकडा ५० वर धरून ठेवणं हे सगळ्या स्वयंचलित यंत्रणेचं पहिलं काम. मामा घरी आले की त्यांना विचार, झोपताना मशीनचा आवाज ऐकू येतो का. ते म्हणतील, आवाज थांबला की जाग येते.

माझे मिस्टर १४ दिवस प्लॅटफॉर्मवर आणि १४ दिवस घरी असतात. मागच्या महिन्यात बोलता बोलता फोन बंद पडला. दोन तासांनी त्यांचा फोन आला, म्हणाले, "ब्लॅकआउट झाला होता, काळजी करू नकोस." त्यापुढे काही सांगत नाहीत. नेमकं काय होतं तिथे? माझ्यापासून लपवत तर नाहीत ना?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, ते लपवत नसावेत. जे रोजच्या सवयीचं आहे ते घरी कसं सांगायचं हे आम्हा लोकांना जमत नाही. माझ्या पत्नीचीही हीच तक्रार होती. म्हणून त्यांच्या वतीने मी सांगतो.

सगळी मशीनं बंद पडली की सर्वांत आधी जाणवते ती शांतता. एरवी पायाखालचं लोखंड सतत थरथरत असतं, ते थांबतं. एसी बंद होतो, दिवे जातात आणि लगेच बॅटरीवरचे आणीबाणीचे दिवे लागतात. कंट्रोल रूममधले पडदे आणि सुरक्षेच्या यंत्रणा बॅटरीच्या पुरवठ्यावर असतात, त्यांना कळतही नाही की वीज गेली.

त्याच वेळी विहिरींच्या आणि पाइपांच्या मोठ्या झडपा आपोआप बंद होतात. इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. वीज गेली की झडपा उघड्याच राहतील आणि तेल-वायू वाहत सुटेल, अशी भीती वाटते. त्या झडपा मुद्दामच याच्या उलट बनवलेल्या असतात. आत एक जाडजूड स्प्रिंग असते. हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने ती दाबून धरून झडप उघडी ठेवलेली असते आणि तो दाब टिकतो एका छोट्या विजेच्या कॉइलमुळे. वीज गेली, कॉइल सुटली, दाब निघून गेला, स्प्रिंगने झडप लावून टाकली. म्हणजे उघडं राहायला वीज लागते, बंद व्हायला काहीच लागत नाही. मी पहिल्यांदा प्लॅटफॉर्मवर गेलो तेव्हा एका वयस्कर फोरमनने मला तिथे उभं करून ती कॉइल हाताने काढून दाखवली होती. झडप लागल्याचा तो धप्प आवाज मला अजून आठवतो.

मग आणीबाणीचा डिझेल जनरेटर सुरू होतो. त्याला कोणी बटण दाबावं लागत नाही. मुख्य बसवर, म्हणजे जिथून सगळीकडे वीज वाटली जाते त्या जाड पट्टीवर, व्होल्टेज नाही, हे कळलं की त्याचा कंट्रोलर स्वतः बॅटरीवर किंवा साठवलेल्या हवेच्या दाबावर इंजिन फिरवतो. जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम असा की ४५ सेकंदांच्या आत त्याने भार उचललाच पाहिजे. चांगला राखलेला सेट त्याच्या निम्म्या वेळात येतो. त्यावर जिन्यांचे दिवे, हेलिपॅडचे दिवे, वायरलेस, बॅटरी चार्जर असं जीवनावश्यक तेवढंच असतं. आग विझवायचे पंप बहुधा स्वतःच्या डिझेल इंजिनावर असतात, त्यांना कोणाच्या विजेची गरज नसते. तुमचा घरचा फोन या यादीत खाली येतो, म्हणून तो कटला.

उरलेले दोन तास कशात गेले? मुख्य टर्बाइन पुन्हा उठवण्यात. आत राहिलेला वायू हवेने झटकून काढायचा, मग ठिणगी द्यायची, तापमान बघत बघत वेग वाढवायचा, पहिलं मशीन मोकळ्या बसवर घ्यायचं, मग एकेक पंप. टर्बाइन स्वतः काही मिनिटांत येतं. वेळ जातो तो बंद का पडलं हे शोधण्यात, आणि तो जायलाच हवा. तुम्हाला खरं सांगायचं तर अंधारापेक्षा मला त्या वेळच्या घाईची जास्त भीती वाटते. वरून फोन येत असतात, उत्पादन थांबलेलं असतं आणि कोणीतरी म्हणतं, "आधी चालू करा, मग बघू." तुमच्या मिस्टरांना दोन तास लागले म्हणजे त्यांच्या शिफ्टने शोधून मग चालू केलं. मी असतो तर तसंच केलं असतं.

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ड्रूप आणि आयसोक्रोनस यांतला फरक पुस्तकातून पाठ झाला पण समजला नाही. आणि एक मशीन बंद पडलं की लोड शेडिंग "वेगाने" करतात म्हणजे किती वेगाने?
— एक विद्यार्थी, इस्लामपूर

तू वाळवा तालुक्यातला, तुला बैल सांगितले तर कळेल. एका जुवाला दोन बैल जोडले आणि दोघांनाही सांगितलं, काहीही होवो, वेग अमुक इतकाच ठेवायचा. एकाला वाटतं आपण तसूभर मागे आहोत, तो जोर लावतो. दुसऱ्याला वाटतं आपण पुढे गेलो, तो अंग काढून घेतो. शेवटी एकच बैल सगळी गाडी ओढतो आणि दुसरा नुसता फरफटतो. आयसोक्रोनस म्हणजे भार कितीही असो, वेग तोच. गव्हर्नर म्हणजे इंधन कमी-जास्त करून मशीनचा वेग सांभाळणारा भाग. असे दोन आयसोक्रोनस गव्हर्नर एका बसवर मोकळे सोडले तर हेच होतं. फरफटणाऱ्या मशीनला उलटी पॉवर जाते आणि ते ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं.

ड्रूप म्हणजे बैलाला थोडं दमायची मुभा देणं. ४ टक्के ड्रूप म्हणजे रिकामं असताना जो वेग, त्यापेक्षा पूर्ण भाराला ४ टक्के कमी. ५० हर्ट्झवर ते झाले २ हर्ट्झ. रिकामं असताना ५१.२ वर लावलेलं मशीन ६० टक्के भाराला १.२ ने उतरून बरोबर ५० वर येतं. दोन्ही मशीनना सारखा ड्रूप असला की भार आपोआप सारखा वाटला जातो, कोणाला कोणाशी बोलावं लागत नाही. प्लॅटफॉर्मवर बहुतेक वेळा एक मशीन आयसोक्रोनस ठेवून बाकीची ड्रूपवर ठेवतात, किंवा सगळ्यांच्या कंट्रोलरना एका तारेने जोडून "मी माझ्या क्षमतेच्या इतके टक्के ओढतोय" हे एकमेकांना सतत सांगायला लावतात. दुसरी पद्धत सरस आहे, पण ती तार तुटली तर मशीनं स्वतःहून ड्रूपवर यायला हवीत. पॅनेल चालू करताना मी ती तार मुद्दाम काढून बघायचो.

आता वेग. कागद घे. ५ मेगावॅटची तीन मशीनं, प्रत्येक ४ वर चाललेली, भार १२. एक ट्रिप झालं. त्या क्षणी ४ मेगावॅटची तूट. ती तूट कोण भरतं? गव्हर्नरला व्हॉल्व्ह उघडायला वेळ लागतो, तोवर उरलेल्या दोन मशीनच्या फिरत्या दांड्यांत साठलेली ताकद वापरली जाते. अशा दोन मशीनमध्ये मिळून २५ मेगाज्यूल धर. तूट सेकंदाला ४ मेगाज्यूल खाते. म्हणजे पहिल्या सेकंदात सोळा टक्के ऊर्जा गेली. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून वेग साधारण आठ टक्के उतरला. ५० चे ४६. तिथवर पोचायच्या आधीच, फ्रिक्वेन्सी (तो हेलकाव्यांचा आकडा) फार उतरली की मशीन तोडणाऱ्या रिलेने पुढचं मशीन तोडलेलं असतं आणि मग सगळंच बसतं. गव्हर्नर लगेच धावले तरी दोन्ही मशीन मिळून जास्तीत जास्त २ मेगावॅट वाढवू शकतात. उरलेले २ काढून टाकलेच पाहिजेत, आणि तेही पाव सेकंदाच्या आत.

आपल्या महाराष्ट्राने भारनियमन भरपूर सोसलं आहे, तासन्‌तासांचं, वेळापत्रक लावलेलं. इथलं भारनियमन पाव सेकंदाचं. त्यात माणसाने विचार करायला जागाच नाही. म्हणून विचार आधी करून ठेवायचा असतो. कोणतं मशीन गेलं तर कोणते फीडर, म्हणजे एकेका यंत्राकडे वीज नेणाऱ्या तारा, सोडायचे, याचा तक्ता कंट्रोलरमध्ये भरलेला असतो. आधी एसीचा चिलर, मग गोडं पाणी करणारं यंत्र, मग समुद्राचं पाणी साठ्यात दाबणारे पंप. हे पंप तासभर बंद राहिले तरी जमिनीखालच्या तेलाला फरक पडत नाही. सर्वांत शेवटी तो कॉम्प्रेसर, ज्याच्यावर आपलाच इंधनवायू अवलंबून आहे.

या तक्त्याबद्दल मला तुला एक घटना सांगायची आहे, कारण ती तुझ्या कुठल्याच पुस्तकात नसेल.

माझ्या नोकरीचं नववं वर्ष होतं, जुलै महिना. कुठला प्लॅटफॉर्म ते सांगत नाही. पॅनेल मीच चालू करून दिलं होतं, तक्ताही मीच भरला होता. एका पाणी दाबायच्या पंपासमोर मोटरच्या पाटीवरचा आकडा लिहिला होता, १.८ मेगावॅट. हिशोब सोपा होता. एक मशीन गेलं तर हा पंप आणि चिलर सोडायचे, तूट भागते. चाचणी झाली, सह्या झाल्या, मी घरी आलो. सात महिन्यांनी रात्री एकला तिथलं एक टर्बाइन ट्रिप झालं. धुराच्या तापमानाचा एक सेन्सर खोटं सांगत होता, कारण क्षुल्लक. कंट्रोलरने त्याचं काम अचूक केलं. शंभर मिलिसेकंदांत पंपाचा आणि चिलरचा ब्रेकर उघडला, म्हणजे त्यांची वीज तोडली. पण तो पंप त्या रात्री सील बदलायला म्हणून बंदच होता. बंद पंप सोडून किती वीज वाचणार? शून्य. कागदावर १.८ सुटले, प्रत्यक्षात काहीच नाही. फ्रिक्वेन्सी घसरत राहिली, दुसरं मशीन तुटलं, तिसऱ्याने एक क्षणभर सगळा भार घेतला आणि तेही गेलं.

माणसं सगळी सुखरूप राहिली. डिझेल सेट आला, झडपा लागल्या, ताईंना सांगितलं तसं सगळं झालं. पण पावसाळी समुद्र, पुरवठ्याची बोट टेकत नव्हती, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं आणि त्यातून मी उतरलो. शिफ्टचा इंजिनिअर मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. त्याने फक्त घटनांची छापील पट्टी माझ्यापुढे ठेवली. त्यात ओळीने वेळा होत्या, मिलिसेकंदांपर्यंत. माझ्या तक्त्याने उघडलेला ब्रेकर आणि त्याच्यापुढे "भार ०.०". ती पट्टी माझ्या वहीत अजून चिकटवलेली आहे.

त्यानंतर मी पाटीवरचा आकडा कधी वापरला नाही. प्रत्येक फीडरवर भार मोजणारा ट्रान्सड्यूसर हवा, कंट्रोलरने तो सतत वाचायला हवा आणि "आत्ता हे मशीन गेलं तर आत्ता काय सोडायचं" हे उत्तर प्रत्येक क्षणी नव्याने काढून तयार ठेवायला हवं. आजच्या चांगल्या यंत्रणा हेच करतात. तरीही यादीचा क्रम माणूसच ठरवतो, आणि प्लॅटफॉर्म बदलत असतो. नवा पंप येतो, जुना निघतो, कोणीतरी क्रेन दुसऱ्या फीडरवर घेतो. यादी तशीच राहते. गव्हर्नरचं गणित तू शिकशीलच. पण मला विचारलंस तर अशा वीजघरातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ती यादी, आणि तिच्यावरची शेवटच्या दुरुस्तीची तारीख.

मी साखर कारखान्याच्या को-जनरेशन प्लँटमधून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन. आमच्याकडेही टर्बाइन, आमच्याकडेही गव्हर्नर. मग तेलवाल्यांचं वेगळं ते काय?
— एक वाचक, कागल

दादा, तुमच्यासारख्या माणसाचं पत्र आलं की बरं वाटतं. यंत्र सारखंच, तुमचं वाफेवर आणि आमचं वायूवर. दोन गोष्टी वेगळ्या.

पहिली, तुमच्या मागे ग्रिड उभी असते. तुमचं मशीन ट्रिप झालं तर कारखाना महावितरणच्या तारेवरून चालतो. ग्रिडला जोडलेलं असताना तुम्ही गव्हर्नर हलवला तरी देशाची फ्रिक्वेन्सी हलत नाही, फक्त तुमचे मेगावॅट बदलतात. प्लॅटफॉर्मला मागे कोणी नाही. दीड मेगावॅटची मोटर चालू करायची झाली तर ती सुरुवातीला पाच-सहा पट करंट ओढते, आणि ते सगळं दोन-तीन मशीननाच झेलायचं असतं. म्हणून आमच्याकडे मोठा पंप चालू करायचं बटण दाबलं की पंप लगेच फिरत नाही. आधी कंट्रोलर बघतो, शिल्लक ताकद आहे का. नसेल तर म्हणतो थांबा, आधी आणखी एक मशीन घेतो. ऑपरेटर यावर फार चिडतात. मी त्यांची बाजू कधीच घेतली नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची. तुमचं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आवारात ढिगाने पडलेलं असतं. गाळप दोन तास थांबलं तरी बॉयलर उपाशी राहत नाही. आमचं इंधन म्हणजे प्लँटमधूनच येणारा वायू. वायू यायला प्लँट चालायला हवा, प्लँट चालायला वीज हवी, वीज यायला वायू हवा. हे चाक कुठेही अडलं की सगळं अडतं. म्हणून टर्बाइन दोन इंधनांवर चालणारी घेतात. वायूचा दाब घसरला की कंट्रोलर डिझेलचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडत, वायूचा मिटत, भार न सोडता बदल करतो. कागदावर सुंदर आहे. पण ही अदलाबदल नियमाने करून बघावी लागते, आणि करून बघताना मशीन ट्रिप झालं तर उत्पादन जातं, म्हणून कोणालाच ती करून बघायची नसते. पुढच्या महिन्यात बघू, असं करत वर्ष निघून जातं. यावर मी अनेकांशी भांडलो आहे.

हे चाक किती महाग पडू शकतं ते ६ जुलै १९८८ च्या रात्री दिसलं. स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनपासून ईशान्येला, उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' नावाचा प्लॅटफॉर्म होता. रात्री पावणेदहाच्या सुमारास तिथला कंडेन्सेटचा, म्हणजे वायूतून निघणाऱ्या हलक्या द्रवाचा, एक पंप बंद पडला. तो सुरू झाला नाही तर वायूचं काम थांबणार, ते थांबलं तर जनरेटरचा वायू जाणार, आणि डिझेलवर बदल जमला नाही तर सगळा अंधार. त्या धास्तीत शिफ्टने शेजारचा दुसरा पंप चालू केला. तो दिवसा दुरुस्तीसाठी घेतलेला होता. त्याच्या पाइपावरची सेफ्टी झडप काढून नेलेली आणि तिथे नुसती चकती लावलेली होती. रात्रीच्या पाळीपर्यंत तो निरोप नीट पोचला नाही. द्रव बाहेर फवारला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. आगीचे डिझेल पंप आपोआप सुरू व्हायला हवे होते. पण जवळ पाणबुडे काम करत असले की ते आत ओढले जाऊ नयेत म्हणून पंप ऑटोवरून मॅन्युअलवर ठेवायची तिथे पद्धत होती. त्या रात्री ते मॅन्युअलवरच होते आणि आगीतून तिथवर जाऊन कोणाला ते चालू करता आले नाहीत. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. आज समुद्रात जे नियम पाळले जातात त्यांतले कित्येक तिथून आले.

मी कुठल्याही पॅनेलवर ऑटो-मॅन्युअलचा स्विच बघितला की आधी विचारायचो, हा मॅन्युअलवर गेला की कुठे दिवा लागतो, आणि तो दिवा कोण बघतं. तुमच्या कारखान्यातल्या पोरांनाही हे विचारायला सांगा.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्यात सकाळीच वीज गेली होती. लोकल जागच्या जागी थांबल्या. एका प्लॅटफॉर्मला जे जमतं ते एवढ्या मोठ्या शहराला का जमलं नाही?
— एक वाचक, ठाणे

तुलना तशी बरोबर नाही, पण प्रश्न बरोबर आहे. बाहेरची ग्रिड कोसळायला लागली की शहराने तिच्यापासून तुटून आपल्या वीजघरांवर बेटासारखं जगायचं, अशी व्यवस्था मुंबईला कित्येक वर्षांपासून आहे. त्या दिवशी ती शहर सावरू शकली नाही. बेट जगायला एकच अट असते. तुटताना आत जेवढी वीज तयार होते आहे तेवढाच भार आत राहिला पाहिजे, जास्तीचा त्याच क्षणी सुटला पाहिजे. म्हणजे पुन्हा यादीच. प्लॅटफॉर्मवर तीस-चाळीस फीडर असतात आणि त्यातला प्रत्येक मी बोटाने दाखवू शकतो. शहरात ती यादी करायची म्हणजे कोणती वस्ती, कोणतं स्टेशन, कोणतं रुग्णालय, हे ठरवायचं. ते काम इंजिनिअरच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही.

मुलगा इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर झाला. त्याला एका रिफायनरीच्या वीजघरात नोकरी मिळाली आहे, पुढच्या महिन्यात हजर होईल. तो म्हणतो आता सगळं कॉम्प्युटर करतो, आम्ही फक्त पडदा बघायचा. मला काळजी वाटते. त्याला काय सांगू?
— एक आई, चिपळूण

ताई, आधी अभिनंदन. रिफायनरीचं वीजघर हे शिकायला फार चांगलं ठिकाण आहे. वाफ, वायू, ग्रिड सगळं एकाच जागी मिळतं.

कॉम्प्युटर करतो हे खरं आहे, आणि पाव सेकंदात जे करायचं ते त्यानेच करावं. पण मशीनला ठाऊक असतं तेवढंच, जेवढं कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं. ते अजून खरं आहे का, हे बघणं हे तुमच्या मुलाचं काम. त्याला माझ्याकडून एवढं सांगा. पहिल्या आठवड्यात पडद्यापुढे बसू नये. सीनिअरकडून लोड शेडिंगची यादी मागून घ्यावी, तिच्यावरची शेवटची तारीख वाचावी. मग कोऱ्या पानांची वही आणि ती यादी घेऊन सबस्टेशनमध्ये जावं, सोबत तिथला जुना इलेक्ट्रिशियन घ्यावा आणि एकेका फीडरपुढे उभं राहून विचारावं, "दादा, याच्यावर आज खरोखर काय चालतंय?" दोन दिवस लागतील. जिथे यादी आणि दादांचं उत्तर जुळणार नाही, तिथे वहीत खूण करावी आणि संध्याकाळी ती वही सीनिअरच्या टेबलावर ठेवावी.